आईला आमवात असेल तर लेकीनं ताट कसं वाढावं

हे आमवात झालेल्या बाईसाठी नाही, तिच्या लेकीसाठी आणि बहिणीसाठी आहे. म्हणजे जिला अजून काहीही झालेलं नाही, पण आईची बोटं बघून सकाळी उठल्यावर स्वतःची मूठ वळून बघायची सवय लागली आहे, तिच्यासाठी. मी त्यातलीच. सांगलीत मुलींच्या शाळेत गणित शिकवते. आईला पन्नाशीच्या आत आमवात झाला. डॉक्टरांच्या कागदावर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस लिहितात. मनगटं आणि बोटांची मुळं सुजली, भाकरी थापणं सुटलं. औषधांनी तिचं आता बरं चाललंय, पण घरात आम्ही दोघी बहिणी. त्यामुळे आल्यागेल्याचा प्रत्येक सल्ला शेवटी आमच्या ताटावर येऊन पडतो. आंबट नको, वांगं नको, डाळ नको, दही तर अजिबात नको. सगळ्यांचं ऐकलं असतं तर भात आणि चहा एवढंच उरलं असतं.

म्हणून मी आकडे वाचायला बसले. त्यातून जे हाती लागलं आणि त्याप्रमाणे आमच्या स्वयंपाकघरात जे बदललं, ते इथे सांगते. मी डॉक्टर नाही. औषधाबद्दल बोलणार नाही. शेवटी फक्त डॉक्टरकडे कधी जायचं तेवढं सांगेन.

आधी भीतीचं माप घ्या

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी सुरू केली होती. आमवाताचं प्रमाण निघालं साधारण अर्धा टक्का. सांधे दुखणारे खूप सापडले, पण आमवाताचे थोडेच. अमेरिकेत मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी आयुष्यभराचा हिशेब मांडला, तेव्हा बाईला हा आजार होण्याची शक्यता ३.६ टक्के आणि पुरुषाला १.७ टक्के आली. सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर शक्यता इतरांच्या साधारण तिप्पट धरतात. तिप्पट ऐकलं की पोटात गोळा येतो, पण तिप्पट कशाच्या ते बघा. शंभर लेकींपैकी बहुतेक सगळ्यांना हा आजार होत नाही.

आता आहाराकडे येऊ. याबद्दलची सगळ्यात मोठी माहिती अमेरिकेतल्या परिचारिकांकडून आली आहे. तिथे १९७६ साली सव्वा लाखाच्या आसपास नर्सेसना घेऊन एक अभ्यास सुरू झाला आणि १९८९ साली त्यांच्याहून तरुण नर्सेसची दुसरी तुकडी जोडली गेली. दर चार वर्षांनी त्यांना काय खाता, किती वेळा खाता याची लांबलचक प्रश्नपत्रिका जाते. बॉस्टनच्या संशोधकांनी त्यातल्या सुमारे एक लाख सत्तर हजार बायकांची दोन-तीन दशकांची उत्तरं तपासली आणि २०१७ साली निष्कर्ष छापले. तेवढ्या काळात त्यांच्यात १००७ जणींना आमवात झाला. भागाकार करा, हजारी सहाच्या आसपास येतं.

त्यांनी प्रत्येकीच्या आहाराला गुण दिले होते. ज्यांचे गुण सगळ्यात वरच्या चौथ्या भागात होते, त्यांना पंचावन्न वर्षांच्या आत आमवात होण्याचा धोका सगळ्यात खालच्या चौथ्या भागातल्या बायकांपेक्षा ३३ टक्के कमी दिसला. पंचावन्ननंतर होणाऱ्या आमवातात असा फरक दिसला नाही. ज्या प्रकारात रक्तातल्या तपासण्या पॉझिटिव्ह येतात आणि जो सहसा जास्त त्रासदायक असतो, त्यात फरक जास्त ठळक होता.

आता ३३ टक्के म्हणजे किती? वर्गात मी मुलींना हे असंच घालते: समजा हजार बायकांत सहाजणींना होणार होतं, एक तृतीयांश कमी झालं तर चौघींना होईल. म्हणजे हजार जणींनी वर्षानुवर्षं नीट खाल्लं तर दोघी वाचल्या. वर्तमानपत्र ‘धोका एक तृतीयांशानं घटतो’ असा मथळा देईल. तोही खोटा नाही, हेही खोटं नाही. शिवाय हा पाहणीचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. जी बाई भाज्या जास्त खाते ती चालायलाही जात असेल, सिगारेट ओढत नसेल. संशोधक हे सगळं हिशेबातून वजा करायचा प्रयत्न करतात, पण पुरतं वजा होत नाही. आणि त्या बहुतांश गोऱ्या अमेरिकन बायका होत्या. पिठलं-भाकरी खाणारी त्यात नव्हती.

तरी मी ताट बदललं, कारण खर्च काहीच नाही आणि आमच्या घरात आमवाताच्या जोडीला साखर आणि बीपीही आहे. पण ‘हे खाल्लं म्हणून मला होणार नाही’ असं मी म्हणत नाही. आणि आईला ‘तू असं खाल्लंस म्हणून झालं’ असं तर कधीच म्हणू नका. आमच्या एका मावशीनं ते वाक्य आईला ऐकवलं होतं. त्यानंतर आईनं कितीतरी दिवस लोणच्याच्या बरणीकडे बघितलं नाही.

एकशे दहा गुणांचा पेपर

त्या नर्सेसच्या आहाराला गुण देण्याची पद्धत मला फार आवडली. अकरा विषय, प्रत्येकी दहा गुण. भाज्या, फळं, अखंड धान्य, गोड पेयं आणि फळांचे रस, शेंगदाणे-सुकामेवा आणि कडधान्यं, लाल मांस, ट्रान्स फॅट (डालड्यासारख्या घट्ट केलेल्या तेलातली वाईट चरबी), मासळीतलं ओमेगा-३ (हीही एक चांगली चरबी), वनस्पती तेलांतली चांगली चरबी, मीठ आणि दारू. मी आमच्या घरच्या जेवणाला या पद्धतीनं गुण देऊन पाहिले. तुम्हीही बघा, कागद-पेन्सिल पुरे.

अखंड धान्यात आपण पहिल्या बाकावर. बाईला दिवसाला ७५ ग्रॅम अखंड धान्य गेलं की पूर्ण दहा गुण, आणि एका मध्यम ज्वारीच्या भाकरीला साधारण तेवढंच पीठ लागतं. शाळूची भाकरी खाणारी बाई सकाळीच दहापैकी दहा घेऊन बसली. कोंडा न काढलेल्या गव्हाची पोळीही चालते. मैद्याचा पाव, खारी, बटर, टोस्ट यांना मात्र शून्य. चहाबरोबर खारी खाण्याची सवय असेल तर तिथे हात आखडा.

कडधान्यांत आणि दाण्यांतही आपण अव्वल. मटकीची उसळ, तुरीची आमटी, हुलग्याचं माडगं, प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट. दिवसाला एक वाढ, म्हणजे एका वेळी ताटात वाढतात तेवढं, पुरते पूर्ण गुणांना. शेंगदाण्याला इथे बदामाच्या बरोबरीचं स्थान आहे. म्हणून ‘युरिक ॲसिड वाढेल, डाळ बंद करा’ हा सल्ला आला की मी हात जोडते. युरिक ॲसिडची भानगड गाऊट नावाच्या वेगळ्याच आजारात असते. आमवाताशी तिचा संबंध नाही. डाळ बंद करून घरातल्या शाकाहारी बाईचं प्रथिनच बंद होतं.

पण भाज्यांत आपले गुण कटतात. पूर्ण गुणांना दिवसाला पाच वाढ लागतात, आणि बटाटा भाजीत धरतच नाहीत. आमच्या घरी भाजी म्हणजे प्रत्येकाच्या ताटात दोन चमचे, भाकरीला लावून खाण्यापुरती. मी एवढंच केलं की भाजी दुप्पट आणायला लागले आणि ताटात भाकरीइतकीच जागा तिला दिली. मेथी, चाकवत, अंबाडी, शेपू, पोकळा. सांगलीच्या बाजारात पालेभाजीचा तोटा नाही, निवडायला वेळ मात्र जातो. तो वेळ मी टीव्हीसमोर काढते आणि देठं निवडायला नवऱ्याला बसवते. जेवणाआधी काकडी, गाजर, मुळा, कांदा यांची एक वाटी चिरून टेबलावर ठेवली की ती आपोआप संपते. फ्रिजमध्ये ठेवली तर तशीच राहते.

फळांतही आपण मागे. बायका फळ आणतात, कापतात, पोरांना देतात आणि सालं उचलतात. पेरू, पपई, केळं, तासगावच्या द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षं, जे स्वस्त असेल ते. फक्त स्वतःची वाटी आधी बाजूला काढा. एरवी उपवासाला साबुदाणा आणि वेफर्स असतात, त्याऐवजी एखाद्या चतुर्थीला फळं खाऊन बघा.

मिठाचा विषय आपल्याला जड जातो. भाकरीत मीठ, आमटीत मीठ, वर पापड, लोणचं, खर्डा, फरसाण. हे सगळं एकाच जेवणात नको, एवढाच नियम मी केला आहे. दारूच्या विषयात मात्र गंमत आहे. थोडी घेणाऱ्या बायकांना गुण मिळतात, आणि स्वीडनच्या पाहणीतही थोडी दारू पिणाऱ्या बायकांत आमवात कमी दिसला होता. म्हणून ‘बाई गं, थोडी वाइन घेत जा’ असं सांगणारे भेटतात. मी त्या रकान्यावर काट मारते. दारूनं स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे एका आजाराच्या हिशेबात मिळालेले गुण मला नकोत.

एक गोष्ट लक्षात घ्या. याच नर्सेसच्या आहाराला भूमध्य सागरी पद्धतीच्या (ऑलिव्ह तेल, भाज्या, मासळीवर भर देणाऱ्या) मापानं गुण दिले, तेव्हा आमवाताशी काही संबंध दिसला नाही. त्या मापात गोड पेयांचा रकानाच नाही. फरक त्यामुळेच पडला असं मी म्हणणार नाही. पण ऑलिव्ह तेलाची बाटली आणली की काम झालं, असं कुणी सांगत असेल तर पैसे वाचवा.

बाटली, रस आणि चहा

एकच गोष्ट सोडायची असेल तर ही सोडा. २०१४ साली त्याच परिचारिकांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष असा की, रोज एक किंवा त्याहून जास्त साखरेचं सॉफ्ट ड्रिंक पिणाऱ्या बायकांत रक्त-तपासणी पॉझिटिव्ह येणाऱ्या आमवाताचा धोका, जवळजवळ न पिणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त होता. बिनसाखरेच्या सॉफ्ट ड्रिंकमध्ये तो संबंध दिसला नाही. म्हणजे बोट साखरेकडे जातं.

आपल्याकडे बाईमाणूस रोज कोल्ड्रिंक पीत नाही, असं आपल्याला वाटतं. माझ्या भाचीचा कॉलेजचा डबा तपासा. डब्याबरोबर रोज आंब्याची नाहीतर काळी बाटली असते. लेबल वाचायला तिला मीच शिकवलं. शंभर मिलीला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर लिहिलेली असते. बाटली अडीचशे मिलीची, म्हणजे पंचवीस-सव्वीस ग्रॅम, पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम म्हणते. एका बाटलीत दिवस संपला.

गुण देताना फळांचे रसही याच रकान्यात जातात. उसाच्या रसात साखर कोल्ड्रिंकपेक्षा कमी नसते, आणि आम्ही तर उसाच्या पट्ट्यातले. गुऱ्हाळावर जाऊन रस न पिता परत येणारा माणूस मी पाहिलेला नाही. वर्षातून चार वेळा गुऱ्हाळ असेल तर खुशाल प्या. रोज संध्याकाळी गाड्यावर थांबत असाल तर तो हिशेबात धरा. मोसंबीचा रस काढण्यापेक्षा मोसंबी खा.

चहाचा हिशेब कुणी अभ्यासात मांडलेला मी सांगत नाही. तो माझा अंकगणिताचा आहे. शाळेत चार कप, घरी दोन कप, कपाला दोन चमचे साखर. पन्नास ग्रॅम कुठेच गेले नाहीत. चहा सोडायची गरज नाही. साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलात तर जिभेला कळत नाही. एकदम बिनसाखरेचा केलात तर तिसऱ्या दिवशी पुन्हा डबा उघडाल. गूळ घातला म्हणून साखर कमी होत नाही, हेही सांगून टाकते, कारण आमच्याकडे गुळाच्या चहाचं फार कौतुक आहे.

तहानेला पाणी, ताक, कोकमाचं बिनसाखरेचं पाणी, लिंबूपाणी. ‘ताक आंबट, सांधे धरतील’ असं कुणी म्हणालं तर पुढे वाचा.

मासळी, जवस आणि मटण

स्वीडनमध्ये बत्तीस हजारांवर बायकांची पाहणी झाली. १९८७ साली आणि पुन्हा १९९७ साली त्यांना काय खाता ते विचारलं होतं. त्यानंतर २०५ जणींना आमवात झाला. ज्यांच्या पोटात दोन्ही वेळा मासळीतलं ओमेगा-३ दिवसाला ०.२१ ग्रॅमपेक्षा जास्त जात होतं, त्यांना धोका सुमारे निम्मा दिसला. हे प्रमाण फार नाही. आठवड्यातून एकदा तेलकट मासळी किंवा चार वेळा कमी तेलाची मासळी एवढ्यानं ते भरतं. मला यातला ‘दोन्ही वेळा’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. दहा वर्षं टिकलेली सवय होती ती, एका महिन्याचा उत्साह नव्हे.

आपल्याकडे तेलकट मासळी म्हणजे बांगडा आणि तारली, आणि त्याच स्वस्त. रत्नागिरीकडून बर्फात येतात. आमच्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या, त्यामुळे बुधवारचा बांगडा घरात ठरलेला आहे. कालवण करा नाहीतर तव्यावर चमचाभर तेलात भाजा. कढईभर तेलात कुरकुरीत तळून खाल्ला तर वजनाच्या बाजूनं हिशेब बिघडतो.

न खाणाऱ्यांनी काय करायचं? जवस. पण खरं सांगायचं तर जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं. मासळीत असतं ते शरीर त्यातून बनवतं, पण फार थोडं. स्वीडनचा आकडा मासळीवाल्या ओमेगाचा आहे, तो जवसाला लावता येत नाही. तरी जवसाची चटणी चांगलीच आहे, कारण तंतुमय पदार्थ भरपूर, आणि ती फरसाणाची जागा घेते. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, सात-आठ लसूण पाकळ्या, थोडा कढीपत्ता, लाल तिखट, मीठ नेहमीच्या निम्मं. गार झाल्यावर कुटायचं. अख्खे जवस खाल्ले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटणं भाग आहे. एका वेळी आठवड्यापुरतीच करा. कुटलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो.

मटणाबद्दल अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या पाहणीत लाल मांस जास्त खाणाऱ्यांत सांध्यांची सूज जास्त दिसली. अमेरिकन नर्सेसमध्ये आधी फक्त मांस आणि प्रथिनं वेगळी काढून बघितली, तेव्हा संबंध आढळला नाही. पुढे गुणांच्या अभ्यासात लाल मांस कमी खाणाऱ्या बायका पुन्हा फायद्यात दिसल्या. बोकडाचं मटण लाल मांसातच येतं, पांढरा रस्सा केला म्हणून ते पांढरं होत नाही. आमच्या भागात कुणाला मटण सोडायला सांगणं म्हणजे भांडण. मी सोडलेलं नाही. आखाडात आणि पाहुणे आले की होतंच. बाकीच्या रविवारी अंडी, चिकन किंवा मासळी. सॉसेज, सलामी हे आमच्या घरात येतच नाही. तुमच्याकडे येत असेल तर आधी ते थांबवा.

डालडा बाबत एक बरी गोष्ट: २०२२ पासून भारतात तेला-तुपातलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर आणायचा नियम आहे. पण पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातली भजी त्या नियमात बसत नाहीत.

वजन, तंबाखू आणि ड जीवनसत्त्व

ताटातल्या एकेका पदार्थापेक्षा मला वजनाचं प्रकरण जास्त पटतं, कारण त्यामागचं कारण समजतं. चरबीच्या पेशी नुसत्या साठून राहत नाहीत. त्या दाह वाढवणारी रसायनं सोडतात, त्यातलं एक टीएनएफ. आमवाताची जी महागडी इंजेक्शनं येतात, त्यांतली बरीच नेमकं हेच टीएनएफ अडवतात. परिचारिकांच्या अभ्यासातही वजन जास्त असलेल्या बायकांत, विशेषतः पंचावन्नच्या आत, आमवात जास्त दिसला. तंतुमय पदार्थांचं म्हणाल तर आतड्यातले जिवाणू ते आंबवून जी आम्लं बनवतात, ती दाह शांत ठेवायला मदत करतात, असं संशोधक मानतात. भाकरी-उसळ-पालेभाजीचा मान तिथून येतो.

तंबाखू हा आहार नाही, पण तो गाळून हे पूर्ण होत नाही. आमवाताच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून निवांत राहू नका, मिश्री आहेच. धूम्रपानाचा पुरावा जसाच्या तसा मिश्रीला लावता येत नाही. पण हिरड्यांचा आजार आणि आमवात यांचा संबंध संशोधक बऱ्याच वर्षांपासून तपासत आहेत, आणि तंबाखूनं हिरड्या खराब होतात यात वाद नाही. शिवाय तोंडाचा कर्करोग आहेच. आजी लावायची, आई लावायची, म्हणून तुम्ही लावताय का? सकाळची मिश्री सुटत नसेल तर सरकारी रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी मदत मिळते, ती मागा. घरात नवरा किंवा सासरे आत बसून विडी ओढत असतील तर त्यांना अंगणात पाठवा.

ड जीवनसत्त्वाचा मात्र खरा प्रयोग झाला आहे, नुसती पाहणी नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून, काहींना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व आणि काहींना खोटी गोळी दिली. पाचेक वर्षांनी ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत शरीर स्वतःवरच उलटतं अशा प्रकारचे आजार, सगळे मिळून, २२ टक्क्यांनी कमी दिसले. त्यात आमवातही धरलेला होता. पण त्यातल्या बायका पंचावन्न आणि त्यापुढच्या होत्या. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी शेजारीण घेते म्हणून आपण घेतो. तसं करू नका. रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून, ठरलेले आठवडे घ्या. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

आंबट, वांगं, हळद

चिंच, दही, ताक, टोमॅटो, लिंबू खाल्ल्यानं निरोगी बाईला आमवात होतो असं दाखवणारा पुरावा नाही. वांगं-बटाटा-टोमॅटो एका कुळातले म्हणून वर्ज्य करा, असं सांगतात, त्यालाही आधार नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हालाच त्रास होत असेल तर थोडे दिवस थांबून, पुन्हा खाऊन बघा आणि स्वतः ठरवा. माझ्या आईला दही सोसतं. मावशीच्या धाकामुळे ते तिनं बंद केलं होतं. आता ती रोज वाटीभर खाते आणि मावशी आली की वाटी लपवत नाही.

हळद तर आमच्या गावची. बाजारसमितीत हळदीचे सौदे निघतात, तेव्हा पोत्यांची थप्पी बघून वाटतं की सांगलीत कुणाचा सांधाच दुखायला नको. आमटीत हळद घाला, दुधात घाला, काही बिघडत नाही. पण हळदीतल्या कर्क्युमिन या घटकावर झालेले प्रयोग लहान आहेत, तेही आजार असलेल्या लोकांवर. हळदीनं आमवात टळतो असं त्यातून निघत नाही. जास्त मात्रेच्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. स्वयंपाकातली हळद आणि डबीतली गोळी यांत अंतर ठेवा. ‘वाताची पुडी’ म्हणून बिनलेबलाचं जे मिळतं, त्याला तर हातच लावू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून तर दोन दिवसांत बरं वाटतं.

ताट बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी जायचं

दुखत नसताना आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ताची एक तपासणी) तपासून घेऊ नका. तो निरोगी माणसातही कधीकधी पॉझिटिव्ह येतो आणि मग वर्षभर झोप उडते. आहारानं तो खाली आणायचा नसतो.

पण ही लक्षणं दिसली तर आहाराचे प्रयोग थांबवा. सकाळी उठल्यावर हात अर्ध्या तासाहून जास्त वेळ ताठ राहणं. बोटांच्या मुळाचे किंवा मधले सांधे, मनगटं, पायाच्या बोटांची मुळं सुजणं, बहुधा दोन्ही बाजूंना. नेहमीची अंगठी किंवा बांगडी एकाएकी न चढणं. कुणी हात मिळवून दाबला की बोटांच्या मुळाशी कळ येणं. सहा आठवडे वाट बघत बसायचं नाही. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात, आणि ते काम भाकरी किंवा बांगडा करू शकत नाही. सांधेवाताचे तज्ज्ञ गावात नसतील तर साध्या फिजिशियनकडे जा आणि कुठे पाठवाल ते विचारा.

जाताना कागदावर लिहून न्या: कोणते सांधे, कधीपासून, सकाळी किती मिनिटं ताठ, घरात कुणाला आमवात, सोरायसिस किंवा थायरॉइडचा त्रास आहे, मिश्री किंवा तंबाखू लावता का, आणि आतापर्यंत कोणाकडून कोणत्या गोळ्या, काढे, पुड्या घेतल्या. बाळाचा विचार चालू असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा; आमवाताची काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. सुजलेल्या हाताचा सकाळचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण दुपारी बारा वाजता नंबर लागेपर्यंत सूज बरीचशी उतरलेली असते.